माफीचं वाक्य

“पण बाई, शेवटच्याच वाक्याला ती कोरडी का पडते?”

कौस्तुभ राजवाडेने तक्रार मांडली, तेव्हा कुमुदबाई सांगलीच्या आपल्या घरी ओसरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. सारं आयुष्य रंगभूमीवर काढलेल्या या बाईंच्या हाताखालीच तो नाटक लिहायला शिकला. आता त्याचं नाव झालं होतं. बायकांचं मन ओळखणारा लेखक, असं लोक म्हणत, आणि त्यालाही ते पटू लागलं होतं.

“कोणतं वाक्य?”

“बायको नवऱ्याला म्हणते, ‘मी तुम्हाला माफ केलंय.’ त्यावर पडदा. नटी चांगली आहे हो, पण इथे तिचा जीवच लागत नाही.”

“तू म्हणून दाखव. मी नवरा.”

बाई उठून खुर्चीत जाऊन बसल्या. कौस्तुभ समोर उभा राहिला. घसा साफ केला, आवाज खाली आणला आणि वाक्य म्हटलं. चांगलं म्हटलं.

बाई गप्प.

तो थांबला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग अंगणातल्या पेरूकडे पाहिलं.

...

हात कुठे ठेवावेत, त्याला कळेना. बसावं, तर नाटकात तसं नव्हतं. आत जावं, तर तेही नव्हतं.

“बाई... काहीतरी बोला ना.”

“मला वाक्य कुठे दिलंयस?”

तो ओशाळून हसला. “इथे पडदा पडतो, बाई.”

“हं... हे सुचलं कसं तुला?”

“सुचलं नाही. जुईली म्हणाली होती. दोन वर्षांपूर्वी आमचं फार बिनसलं होतं, तेव्हा. चूक माझी होती.”

“मग बायकोला तू काय म्हणालास?”

कौस्तुभ आठवू लागला. स्वयंपाकघराच्या दारात उभी जुईली. तिचे ओले हात. तिचा सरळ, दबका आवाज. आणि त्या क्षणी आपल्या मनात आलेली एकच गोष्ट... वाक्य काय सुरेख आहे.

“काहीच नाही,” तो म्हणाला. “मी आत जाऊन... लिहायला बसलो.”

बाई खुर्चीतून हलल्या नाहीत. कौस्तुभही उभाच होता.

मग त्या म्हणाल्या,

“म्हणजे ती अजून उभीच आहे.”