राघू म्हणे, झालं!

एका राज्यात एके संध्याकाळी राघू जरा लवकरच म्हणाला, "झालं, सरकार!" आज्ञा अजून दरबारात आज्ञा वाचणाऱ्या शाल्मलीच्या ओठांवरच होती. ती दचकली. पण ती तर उलथणे पडले तरी दचके, म्हणून दरबारात कोणी लक्ष दिले नाही.

त्या दरबारात एक काचेचा रांजण होता आणि रांजणात दुसरे राज्य नांदत होते. नदी, बाजार, माणसे, सगळे. मांत्रिक कर्कटनाथाला जो नकोसा होई, तो थेट आत जाई आणि बाहेरचे विसरून जाई. शाल्मलीची थोरली बहीण उत्पला तशीच गेली होती. आज्ञा आत पोचवायला राघूंची जोडी होती. काठावरचा ऐके, आतला बोले, काम उरकले की काठावरचा 'झालं' म्हणे. शाल्मली रोज त्याला आज्ञा वाचून दाखवी.

तिने काचेला डोळा लावला. आज घाटावर दिवा लावायची आज्ञा होती. दिवा लागलाच नव्हता. आतला राघू पंखात चोच खुपसून झोपला होता.

कर्कटनाथ हसला. "सूर्य मावळला की रांजणावर कायमचे झाकण बसेल. आतल्या एकाने जरी आपल्या शब्दांत बाहेर उत्तर दिले, तर माझी माया फुटेल. पण देतो कोण? तू आपली दचकत बस."

शाल्मली रांजणापाशी सरकली. "दचकेन," ती म्हणाली, "पण बसणार नाही."

तिने बांगडीने काचेवर तीनदा वाजवले. आत डोंगर हलले, राघू जागा झाला.

"कोणाच्या नावाने?" काठावरच्याने विचारले.

"राजाच्या."

"ते नाव कालच कर्कटनाथांनी पुसले."

"माझे घे की," कर्कटनाथ म्हणाला. "सगळी दारे उघडतील. मग तूही माझी दासी."

"तुमचे नाव तुम्हालाच लखलाभ! राघोबा, शाल्मलीच्या नावाने सांग."

"कुठे?"

"ताईच्या घरी."

"आत पुष्कळ ताया आहेत. वेशीपासून वाट सांगा."

काचेतून रोज पाहिलेली वाट तिला पाठ होती. वेस, कासारआळी, वाकडे रामफळ, हिरवे दार, चूल. "उत्पलेने त्वरित हजर व्हावे!"

"झालं, सरकार!"

चुलीपाशी भाकरी थापणारी उत्पला जागची हललीसुद्धा नव्हती.

ऊन उतरून रांजणाच्या काठावर आले. कर्कटनाथाने झाकण उचलले. शाल्मलीला रडू फुटले, आणि रडता रडता रागच आला. आज्ञेला काय, कोणीही 'झालं' म्हणेल. प्रश्नाला म्हणून दाखवा! तिने आज्ञापत्र टराटरा फाडले आणि घरात ओरडावे तशी ओरडली,

"ताई! माझी निळी ओढणी कुठे ठेवलीस गं?"

राघूने चोच उघडली. मिटली. पुन्हा उघडली. 'झालं' काही बसेना.

आणि काचेला उभा तडा देत आतून एक वैतागलेला आवाज आला,

"खुंटीवर आहे, शालू! डोळे आहेत की कवड्या?"