हायब्रिड गाडी आणि फाट्यावरचा मठ

"…आणि ही गाडी आणखी किती वेळा दुरुस्त करायची, महाराज? तुम्हीच सांगा."

शंभूनाथ महाराज सुपात गवारी निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

प्राध्यापक निशिकांत कारखानीसांना हे आवडलं नाही. तीस वर्षं त्यांनी मुलांना यंत्रशास्त्र शिकवलं होतं. आपण बोलताना समोरच्याने भाजी निवडावी, याची त्यांना सवय नव्हती. खरं तर ते इथे आलेही नव्हते मुद्दाम. टेकडीच्या पायथ्याशी, फाट्यावर गाडी बंद पडली, साताऱ्याहून क्रेन यायला दोन तास होते, आणि सावली तेवढी वरच्या मठातच होती.

"कसली गाडी?" महाराजांनी विचारलं.

"हायब्रिड. आत दोन यंत्रं असतात. एक पेट्रोलवर चालतं, एक विजेवर. एक दमलं की दुसरं ओढतं."

"चांगलं आहे की."

"चांगलं होतं. चौदा वर्षं झाली. आधी मोठी बॅटरी गेली. ती बदलली. मग इन्व्हर्टर. तो चेन्नईहून मागवला, दीड महिना लागला. आता ब्रेकचा पंप अधूनमधून दगा देतोय. गॅरेजवाला म्हणतो, सर, दुसरी घ्या, एवढ्या खर्चात वापरलेली एखादी येईल, हिला भंगारात द्या…"

"मग?"

"त्याला काय कळतंय! सांगाडा अजून खणखणीत आहे. प्रत्येक भाग बदलता येतो. बदलता येत नाही असं काही नसतं, महाराज. मी हेच शिकवलं आयुष्यभर."

महाराजांनी एक शेंग मोडली. ती जून निघाली. त्यांनी ती बाजूला टाकली.

"गाडीत कोण कोण बसतं?"

"मी. आणि मंडळी… माझी पत्नी. सुलभा."

"आत्ता गाडीत आहेत?"

"नाही. घरी."

"मागच्या खेपेला कधी बसल्या होत्या?"

कारखानीस उत्तर देणार होते. तोंड उघडलंही. मग त्यांना हिशेब लागेना, आणि लागला तेव्हा सांगवेना.

"गणपतीत," ते शेवटी म्हणाले. "गणपतीच्या आधी. हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा. पुढची सीट पूर्ण मागे पाडून… तेव्हापासून ती पलंगावरच आहे. डॉक्टरांनी आता औषधंही कमी केलीत."

बाहेर ऊन भाजत होतं. फाल्गुन संपत आला होता.

"म्हणजे गाडी नीट झाली तर…" महाराज म्हणाले.

"तर तिला गुहागरला नेणार आहे. माहेरी. समुद्र बघायचाय तिला."

"असं त्या म्हणाल्या?"

"म्हणायची. आधी."

"आता काय म्हणतात?"

कारखानीसांनी चष्मा काढला. काच स्वच्छ होती, तरी पुसली.

"आता काही नाही. सकाळी निघताना म्हणते, बसा ना जरा. मी म्हणतो, गॅरेजला जाऊन येतो. पार्ट आलाय का बघतो. संध्याकाळी घरी जातो तेव्हा ती झोपलेली असते. कधी जागी असते, पण डोळे मिटून… मला कळतं ते."

"रोज जाता गॅरेजला?"

"जवळजवळ रोज."

"रोज काम असतं?"

कारखानीसांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

गॅरेजमध्ये त्यांच्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली असे. तिथे ऑइलचा वास होता, हातोड्याचे आवाज होते, पोरं 'सर, सर' म्हणत अडलेलं विचारायला येत. तिथे बिघडलेल्या प्रत्येक गोष्टीचं कारण सापडत होतं. घरात औषधांचा वास होता. आणि सुलभाचा हात, जो पूर्वी पुऱ्या लाटायचा, तो चादरीवर नुसता पडलेला असायचा. त्या हाताशेजारी दहा मिनिटं बसलं की ते गाडीची किल्ली शोधू लागायचे.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही.

"घरी कोण आहे त्यांच्यापाशी?"

"बाई ठेवलीय. चांगली आहे. वेळेवर सगळं करते."

महाराजांनी पुढची शेंग उचलली.

"महाराज, मला एवढंच सांगा," कारखानीस म्हणाले. "ही गाडी विकली, तर तिला काय सांगू? आता आपण कुठेच जाणार नाही, असं सांगू? मी… मी तिच्या तोंडावर ते कसं सांगू?"

"त्यांना माहीत नाही?"

कारखानीस मठाच्या गार फरशीवर बसले. रडले नाहीत. रडणं आलं असतं तर बरं झालं असतं, पण आत सगळं कोरडं ठाक होतं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "माझ्या आधीपासून माहीत आहे."

महाराजांनी गवारीचं सूप बाजूला सारलं. गुडघ्यावर हात टेकून ते उठले, कारखानीसांसमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला.

कारखानीसांना वाटलं, आपल्याला उठवायला केला असेल. त्यांनी तो धरायला हात उचलला.

"किल्ली," महाराज म्हणाले.

"काय?"

"गाडीची किल्ली द्या. क्रेनवाल्याला मी देतो."

"पण त्याला सांगावं लागेल, महाराज. कुठे न्यायची ते… गॅरेजला, की…"

महाराजांनी किल्ली घेतली. कनवटीला खोचली. मग दारातून खाली, टेकडीच्या पायथ्याकडे बोट दाखवलं.

"पाचला फाट्यावरून एसटी आहे. उजेडात घरी पोचाल."