दोन चौक्यांचे गाव

डोंगरातल्या एका खिंडीत सावरखिंड नावाचे गाव होते. त्याच्या पूर्वेला एक राजा, पश्चिमेला दुसरा. दोघांचे हाडवैर. खिंड ज्याच्या हाती, त्याला दुसऱ्याच्या राज्यात उतरायची वाट मोकळी. म्हणून दोघांचाही तिच्यावर डोळा होता.

एकदा पूर्वेच्या राजाने वरच्या आळीत चौकी बसवली. "तुमच्या रक्षणासाठी आलो आहोत," असे त्याच्या हवालदाराने सांगितले. ते कळताच पश्चिमेच्या राजाने खालच्या आळीत चौकी बसवली. तीही रक्षणासाठीच. इकडे शिपाई वाढले की तिकडेही वाढत. पूर्वी दोन्ही आळ्या मिळून गावाची राखण करत. आता त्या एकमेकींना हेर समजू लागल्या. ठरलेल्या सोयरिकी मोडल्या आणि राखणही बंद पडली.

एका दुपारी लुटारूंनी खालच्या आळीची गुरे चोरली आणि वरच्या आळीच्या कुरणातून हाकत नेली. खालचा हवालदार म्हणाला, "त्या कुरणात पाऊल टाकले तर युद्ध पेटेल." वरचा म्हणाला, "ती गुरे आमच्या आळीची नाहीत." दोन्हीकडचे शिपाई एकमेकांवर भाले रोखून जागच्या जागी उभे राहिले.

वरच्या आळीचा कारभार येसाबाई पाहत असे. तिची स्वतःची गुरे गोठ्यात सुखरूप होती.

हवालदार तिला म्हणाला, "बाई, तुम्ही यात पडू नका. राजाची मर्जी जाईल."

"राजाची गरज कधीमधी लागते. शेजाऱ्याची रोज लागते," येसाबाई म्हणाली. तिने पदर खोचला आणि आळीतल्या माणसांना घेऊन खिंडीचे तोंड अडवले. मागून खालच्या आळीचे लोक धावत आले. दोन्ही बाजूंनी दगडांचा मारा सुरू होताच लुटारू गुरे सोडून पळाले.

दुसऱ्या दिवशी येसाबाईने दोन्ही हवालदारांना चावडीवर बोलावले. "चौकी कशासाठी आहे, ते खरे सांगा."

"पलीकडचे सैन्य या वाटेने येऊ नये म्हणून," एक म्हणाला. दुसऱ्याचेही उत्तर तेच होते.

"मग आपापल्या राजाला कळवा. या खिंडीतून कुणाचेच सैन्य जाणार नाही. पहारा आम्ही दोन्ही आळ्या मिळून देऊ. पण दोन्ही चौक्या एकाच दिवशी उठल्या पाहिजेत. तोवर गावातून दाणापाणी मिळणार नाही."

खिंड शत्रूच्या हाती जाऊ नये, एवढेच दोन्ही राजांना हवे होते. चौक्या उठल्या.

पुढे पूर्वेच्या सेनापतीने फौजेसाठी वाट मागितली. "आम्ही तुमचे जुने रक्षक," तो म्हणाला.

"म्हणून पाणी देते. वाट देणार नाही," येसाबाई म्हणाली. तिच्या मागे दोन्ही आळ्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. सेनापतीने त्यांच्याकडे एकवार पाहिले आणि घोडा मागे वळवला.

तात्पर्य: दोन बलाढ्यांच्या मध्ये राहणाऱ्याने एकाच्या आडोशाला जाऊ नये, शेजाऱ्याचा हात धरून स्वतःच्या पायावर उभे राहावे.