मधलं खांड

“मग निर्णय घेतला कुणी, सर?”

“मंत्र्यांनी.”

“अहवाल आपला. सरकारी आदेशात वाक्यंसुद्धा आपलीच. आणि निर्णय मंत्र्यांचा?”

नाफडे सर सुपारी कातरत होते. सरकारने खर्च आवरावा, कामं खासगी हातांत सोडावीत, हे राज्यकर्त्यांना पटवणारी त्यांची अभ्याससंस्था. हेमांगी ढवण तिथली सर्वांत हुशार संशोधक. सरांच्याच हाताखाली शिकलेली.

आज ती चप्पल न काढताच त्यांच्या बैठकीवर आली होती.

“बस.”

“नाही बसणार. कोंडवडचा सरकारी दवाखाना बंद झाला. माझी मावसबहीण शहराकडे नेताना घाटातच गेली. जीपमध्ये. पोटातल्या बाळासकट.”

अडकित्ता थांबला...

“मला वाटत होतं, मी निम्मे दवाखाने वाचवले,” ती म्हणाली.

“कसे?”

“तुम्ही म्हणत होता, सगळे बंद करा. मी भांडले. जिथे रुग्ण कमी येतात तेवढेच बंद करा म्हटलं. तुम्ही ऐकलंत.”

“लगेच ऐकलं.”

“...हो.”

सरांनी सुपारीची तीन खांडं ओळीने मांडली.

“मंत्र्यांपुढे आपण नेहमी तीन पर्याय ठेवतो. हा, सगळे बंद करा. मोर्चे निघतील, मंत्री घाबरतील. हा, खर्च दुप्पट करा. तेवढी त्यांची छाती नाही.”

कडेची दोन्ही खांडं त्यांनी बाजूला सारली.

“उरतो तो त्यांना स्वतःचा वाटतो. शहाणपणाचाही वाटतो.”

“म्हणजे सगळे दवाखाने बंद व्हावेत, असं तुम्हाला कधी वाटतच नव्हतं?”

“मला निम्मेच बंद हवे होते. फक्त ते मागायला कुणीतरी कळवळ्याचं माणूस हवं होतं.”

मधलं खांड त्यांनी तोंडात टाकलं.

हेमांगीचा आवाज फाटला. “किती शांतपणे सांगता हो! तुमच्या पिढीला एवढंच जमतं. माणसं मेली तरी तुमचा आवाज चढत नाही.”

“तुझा चढला. बहीण आली का परत?”

सरांनी पुन्हा सुपारी कातरली. पुन्हा तीन खांडं.

“आता तुझं बघू. हे, राजीनामा दे, वर्तमानपत्रांकडे जा. दोन दिवस गाजेल. तुझ्या जागी जो येईल, त्याला कोंडवड नकाशातही सापडणार नाही. हे, झालं ते गिळ आणि गप्प राहा.”

तिसरं खांड त्यांनी त्या दोहोंच्या मधोमध ठेवलं.

“पुढचा अहवाल गावोगावच्या शाळांचा आहे. तो तू लिही. वाचवता येतील तेवढ्या वाचव.”

हेमांगी खाली बसली. पंखा कुरकुरत राहिला. तिच्या डोळ्यांपुढे कोंडवडची शाळा होती, पत्र्याची, दोन खोल्यांची.

“शाळांचा अहवाल मीच लिहीन,” ती अखेर म्हणाली. “पण या वेळी एकेका शाळेसाठी भांडेन. लक्षात ठेवा.”

तिचं बोट मधल्या खांडावर होतं.

सरांनी अडकित्ता मिटला.

“मंत्र्यांनीही एवढाच वेळ विचार केला होता.”