सिंह कुठून आला

फार जुन्या काळी, पश्चिमेकडच्या एका थंड मुलखात, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. त्या गावात मुलांना पहिला नियम शिकवत तो असा: पोथीला प्रश्न विचारायचा नाही.

ही पोथी देवाची नव्हती. तिच्यात एक गोष्ट होती, इराणातून निघालेली, भाषा बदलत बदलत तिथवर पोचलेली. या गोष्टीच्या अठ्ठावीस वर्षे आधी गावचा झरा आटला, तेव्हा गावच्या प्रमुखाने ती जत्रेतून आणली आणि भर चौकात वाचून दाखवली. तिच्यात लिहिले होते: ‘डोंगरातल्या गुहेत भुकेला सिंह राहतो. दर सात वर्षांनी एक लहान मुलगी अनवाणी त्याच्याकडे पाठवावी, म्हणजे झरा वाहता राहील.’

गावाने एक मुलगी पाठवली. त्या हिवाळ्यात भरपूर बर्फ पडले, आणि बर्फ वितळल्यावर झरा भरून वाहिला. तेवढे पुरले. त्यानंतर कोणी काही विचारले नाही.

चार मुली गेल्या. सिंह कोणी पाहिला नाही. त्याची गुरगुर मात्र वारा सुटला की गावात ऐकू येई आणि लोक खिडक्या लावून घेत. मुलींचे बूट तेवढे चौकात मागे राहत, शेजारी शेजारी नीट काढून ठेवलेले.

पाचव्या वेळी चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा नऊ वर्षांच्या एका मुलीची चिठ्ठी निघाली. महिन्याभराने तिला जायचे होते. तिची थोरली बहीण गावातली वाचता येणारी एकटीच तरुणी होती. धाकटी रडली नाही. जेवता जेवता तिने फक्त विचारले, “ताई, सिंह आधी काय खातो? पाय की तोंड?”

थोरली ताटावरून उठली. तिने चावडीवर जाऊन प्रमुखाकडे पोथी मागितली. प्रमुख हसला आणि म्हणाला की मुलींनी ऐकायचे असते, वाचायला मोठी माणसे आहेत. मग तो जेवायला घरी गेला, तेव्हा तिने चावडीतले फडताळ उघडले आणि पोथी उचलली. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, भाषांतर करणाऱ्याचे नाव आणि गाव होते. तीन दिवस चालून ती तिथे पोचली.

तो म्हातारा अजून जिवंत होता. इतक्या आडगावात आपले पुस्तक वाचतात हे ऐकून त्याला आनंद झाला. त्याने तिला बसायला दिले, खायला दिले.

“मूळ वाक्य फार कोरडं होतं, पोरी,” तो म्हणाला. “सिंहाने मुलीला गुहेत नेलं आणि झरा वाहू लागला, एवढंच. सिंहाला भूक मी दिली. सात वर्षं मी घातली. अंगावर काटा आल्याशिवाय लोक पुस्तक घेत नाहीत.”

त्याने इराणी भाषेतले मूळ पाहिले होते का, असे तिने विचारले. ती भाषा त्याला येतच नव्हती. बंदरावरच्या एका विद्वानाने केलेल्या भाषांतराचे त्याने भाषांतर केले होते. मग तिने त्याला चार मुलींची नावे सांगितली. म्हातारा उठला आणि दाराशी जाऊन उभा राहिला, तिने निघावे म्हणून.

तिथून ती बंदरावर गेली. तो विद्वान कधीच वारला होता. पण त्याने वापरलेली मूळ वही त्याच्या घरात होती, आणि त्याच गल्लीत गालिचे दुरुस्त करणारी एक इराणी बाई राहत होती. तिने ते पान वाचले आणि खळखळून हसली.

“अगं, सिंह कुठला? आमच्याकडे दुधालाही शीर म्हणतात आणि सिंहालाही. लिहितो सारखंच. इथे तीन शब्द आहेत: मुलगी, शीर, नेणे. नेणारा की नेणारी, हे आमचं क्रियापद सांगत नाही. ज्याला भाषा अर्धीमुर्धी येते, तो चुकतो. मुलीने दूध नेलं, बाई. गुहेतल्या म्हातारीला, ती मागच्या ओळीतच आहे.”

मग तिने समोरच्या मुलीचा चेहरा पाहिला आणि तिचे हसू विरले. सुई तिच्या हातातच राहिली.

थोरली परतली तेव्हा धाकटीला पाठवायचा दिवस उजाडला होता. गावात जाण्याआधी ती गुहेकडे वळली. गुरगुर सुरू होती. सिंह नाही हे तिला पक्के ठाऊक होते, तरी तिने मशाल पेटवली. मशाल धरून, भिंतीला चिकटून ती आत गेली. वीस पावलांवर जमीन संपली. खाली काळे, खोल पाणी होते, आणि वरच्या फटीतून वारा गुरगुरत होता. अनवाणी, अंधारात, घाबरून पळणाऱ्या लहान मुलीला ती कड दिसणे शक्यच नव्हते.

चौकात सगळे जमले होते. धाकटीच्या पायातले बूट काढून झाले होते. थोरलीने ते तीन शब्द सांगितले. म्हातारा काय म्हणाला ते सांगितले. गुहेतले पाणी सांगितले. वडीलधाऱ्यांपैकी एकाने तिला गप्प बसायला सांगितले. दुसरा म्हणाला की चार बुके वाचली की पोरी अशा होतात. ती बोलतच राहिली.

शेवटी प्रमुख उठला. पहिली गेलेली मुलगी त्याची होती, हे सगळ्यांना माहीत होते आणि कोणी कधी बोलत नसे.

“ते दूध होतं, तर माझी मुलगी कशासाठी गेली?” त्याने विचारले. “एवढं सांग, आणि तुझ्या बहिणीला घरी घेऊन जा.”

थोरली खाली बसली आणि बहिणीच्या पायात बूट घालू लागली.

“त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आजोबा,” ती म्हणाली. “पण ते झाकायला मी माझी बहीण देणार नाही.”

प्रमुख खाली बसला. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहायचे टाळले. थोरली बहिणीचा हात धरून घरी निघाली, आणि कोणी तिला अडवले नाही. झऱ्याचे पाणी वाहताना सगळ्यांना ऐकू येत होते.

ज्या गोष्टीला प्रश्न विचारायची बंदी असते, तिच्यातला सिंह माणसांनीच पोसलेला असतो.