भुईच्या मुठीची कहाणी

ऐक, भुईमाते, तुझी कहाणी. डोंगराच्या पायथ्याशी एक आटपाट वाडी होती. तिथं कोंडाजी नावाचा गरीब कुणबी राहात होता. त्याची बायको सगुणा, लेक पारू. सगुणेला भुईमातेचा वसा होता. पेरणीच्या दिवशी उपाशी राहावं, पहिली मूठ बांधाशी पेरावी, भुईला हात जोडावे, मग जेवावं.

एके दिवशी दारी गोसावी आला. भाकरी खाल्ली, पाणी प्याला, जाता जाता म्हणाला, "कोंडाजी, तुझ्या शेतात मोहरांचे सात हंडे आहेत." झालं! कोंडाजीनं नांगर ठेवला, कुदळ घेतली.

पहिल्या वर्षी वरचं शेत खणलं. सगुणा म्हणाली, "अहो, पेरणी टळतेय." तो म्हणाला, "हंडा लागू दे, मग पेरू." हंडा काही लागला नाही. माती खाली गेली, मुरूम वर आला. सगुणेनं बांधाशी आपली मूठ पेरली. मूठभर पेरलं, टोपलंभर आलं. त्यावर तिघं जगली.

दुसऱ्या वर्षी मधलं शेत खणलं. बैल विकले, पहारी आणल्या. सगुणा म्हणाली, "अहो, लेकरू नुसत्या कण्यांवर आहे." तो म्हणाला, "हंडा लागू दे, मग दूधभात घालू." हंडा लागला नाही. सगुणेनं रडत रडत मूठ पेरली.

तिसऱ्या वर्षी खालचं शेत. ऐन पेरणीच्या दिवशी पहार खण्णकन वाजली. कोंडाजी ओरडला, "सगुणे, धाव! हंडा लागला!" सगुणेच्या हातात बियाणं होतं. तिचंही मन फिरलं. म्हणाली, "आज हंडा काढू, उद्या पेरीन." मूठ मडक्यात टाकली, पाटी उचलली, माती वाहू लागली.

वरच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं होतं. काठावरून पारूनं हाक मारली, "आई, भूक लागली." सगुणा म्हणाली, "आलेच गं." पुन्हा हाक आली. सगुणा म्हणाली, "आलेच गं." मग हाक आलीच नाही.

खाली निघाला तो काळा दगड. वर पाण्यात पारू तरंगत होती.

सगुणेनं टाहो फोडला. तीन दिवस भुईवर पडून राहिली. मग एक म्हातारी आली, पाय मातीनं माखलेले. म्हणाली, "बाई, का रडतेस?" सगुणा म्हणाली, "मी वसा टाकला. भुईमाता कोपली. तिनं मला न्यावं, माझी लेक द्यावी."

म्हातारी म्हणाली, "अगं, मीच भुई. मी कोपले नाही. मी तुझी लेक नेली नाही. खड्डा तुम्ही खणलात. दाणा टाकशील तर दाणा देईन. लेक मला परत देता येत नाही." एवढं बोलून तीही रडली, आणि दिसेनाशी झाली.

मग कोंडाजी कुदळ घेऊन आला. सगुणा म्हणाली, "आता कुठं खणायचंय?" तो म्हणाला, "खणायचं नाही. बुजवायचंय." खालचा खड्डा बुजवला, मधला बुजवला. वरच्यापाशी त्याचे हात चालेनात. तिथं सगुणेनं माती लोटली.

तीन वर्षं शेत पिकलं नाही. सगुणेनं वसा सोडला नाही. चौथ्या वर्षी कणसं भरली, घरात भात शिजला. सगुणेनं तीन पानं मांडली. तिनं एक पान उचललं, मग दोघं जेवली.

भुईमाते, त्यांना दाणा दिलास, तसा आम्हां सर्वांना दे. त्यांच्या दारी जे घडलं, ते ऐकणारीच्या दारी, सांगणारीच्या दारी कधी घडू नये. साठा बोलांची कहाणी, पाचा बोलांत इथं पुरी झाली.