पौषातलं ऊन

“मग भोक पाडू की नको, माय? एवढंच सांगा.”

सौमित्रच्या हातात बॅटरीवरचं ड्रिल होतं आणि कपाळावर घाम. माय अंगणात बसून चिंचेच्या कोळानं तांब्याचं ताम्हन घासत होती.

“कशाला पाडतोस?”

“शाळेच्या छपरावर सोलरच्या प्लेटा बसवायला. तीन दिवस तेच तर सांगतोय!”

माय हसली... आणि पुन्हा ताम्हन घासू लागली.

ही कळमजाईची वाडी. तेवीस घरं, पाठीशी उभा कडा, आणि मोटारीच्या रस्त्यापर्यंत साडेचार तासांची उतरण. विजेचा खांब काही ती चढण चढला नाही. धुरपदामाय तिथली सगळ्यांत म्हातारी. तिला कुणी गुरू म्हणत नसे, पण तिला विचारल्याशिवाय वाडीत पेरणीची मूठ सुटत नसे. तिचं व्रत एकच. सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. बेचाळीस वर्षं झाली त्याला.

सौमित्र पुण्याचा इंजिनिअर. काचेच्या त्या निळ्या प्लेटा वाडीच्या माणसांनी डोक्याखांद्यावरून वर आणल्या होत्या. उद्या अक्षय्य तृतीया. उद्याच्या मुहूर्तावर शाळेशेजारच्या बाळंतघरात दिवा लागणार, असं त्यानं साऱ्यांना सांगून ठेवलं होतं. खालून मोठी माणसं यायची होती तो बघायला.

आणि आता ही म्हातारी...

“माय, मी तुमच्या वाडीत सूर्य आणलाय,” तो म्हणाला. “तुम्ही इतकी वर्षं त्याला नुसतं पाणी दिलंत. मी त्याच्याकडून काम करून घेणार आहे.”

शेजारी नाचणी पाखडणाऱ्या बायकांची सुपं थांबली.

“आणलास होय?” मायनं ताम्हन उन्हात धरून पाहिलं. “बरं झालं बाबा. मला आपलं थंडीभर जावं लागतं त्याच्याकडं.”

एक बाई पदरात तोंड लपवून हसली.

सौमित्रचे कान तापले. “कुठं जाता?”

“चल. दाखवते.”

वैशाखातला डोंगर. गवत भाजलेल्या भाकरीसारखं करपलेलं. पण मायच्या दारातून एक हिरवी रेघ निघाली होती. दूर्वांची. मधे तुटायची, पुन्हा उगवायची, आणि कड्याकडं पाठ करून दूर पठारावर जायची. जणू कुणी हिरवा दोरा सोडत सोडत चालत गेलं होतं.

“हे कुणी लावलं?”

“लावलं नाही कुणी. अर्घ्याचं पाणी पडत गेलं.”

माय अनवाणी चालत होती. तो मागून. कुठून तरी पावशा बोलत होता, आणि वारा इतका हळू होता की पाऊल टाकायलाही संकोच वाटावा.

“आश्विनापर्यंत सकाळचं ऊन माझ्या दाराशी येतं,” माय म्हणाली. “मग कड्याची सावली लांबायला लागते. ऊन मागं सरतं. मीही सरते.”

दूर्वांच्या एका झुबक्यापाशी ती थांबली. “कार्तिक.”

बरीच पुढं, दुसऱ्यापाशी... “मार्गशीर्ष.”

पठाराच्या टोकाला काळा कातळ होता. त्याच्या फटीत दूर्वा अशा दाटल्या होत्या की खालची माती दिसू नये.

“पौष,” माय म्हणाली. “इथं ते सगळ्यांत आधी येतं नि सगळ्यांत शेवटी जातं.”

सौमित्रनं वळून पाहिलं. शाळा कड्याच्या कुशीत होती, कोंबडीच्या पंखाखाली पिलू असावं तशी.

त्यानं हात लांब करून कड्याची उंची बोटांनी मापली. पुन्हा मापली.

“पौषात शाळेवर ऊन... किती वेळ?”

“दोन घटका. पोरं मग पाढे म्हणायला इथंच येऊन बसतात.”

पुण्यात, पंख्याखाली बसून त्यानं नकाशा पाहिला होता. नकाशात कडा म्हणजे एक बारीक रेघ. तिच्यापुढं त्यानं लिहिलं होतं, ‘सावली नाही.’

“पण माय, प्लेटा इथं बसवल्या तर बाळंतघरापर्यंत वायर पुरायची नाही. पुन्हा खाली उतरायचं, आणायची... आठ दिवस जातील. उद्याचा मुहूर्त चुकेल. मी सगळ्यांना शब्द दिलाय!”

झऱ्यावरून हंडा घेऊन एक तरणी बाई येत होती, माय तिच्याकडं बघत राहिली.

“ही मंजुळा. गेल्या पौषात हिच्या वेळेला कंदिलातलं तेल संपलं. सुईणीला काही दिसेना.”

“मग?”

“बाळ रडलंच नाही.”

...

“आता पुन्हा दिवस गेलेत तिला. अजून कुणाला बोलली नाही. तू मोज बघू बोटांवर.”

त्यानं मोजलं. वैशाख, ज्येष्ठ, आषाढ... नवव्या बोटावर, पौषावर येऊन तो थांबला.

ड्रिल त्यानं कातळावर ठेवलं. हळूच, आवाज न करता.

अक्षय्य तृतीयेला दिवा लागला नाही. मोठ्या माणसांना येऊ नका म्हणून निरोप गेला. देवळासमोर उभं राहून सौमित्रनं वाडीला सांगितलं, “चूक माझी. मी कडा मोजला नव्हता.”

“म्हंजे सायेब, सूर्य आनलाय पर दोरी इसरला!” गर्दीतून गोविंदतात्या ओरडले. सगळे हसले. तोही हसला, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

आठव्या दिवशी वायरचं भेंडोळं स्वतःच्या खांद्यावर घेऊन तो वर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी कातळावर प्लेटा उभ्या राहिल्या. तिन्हीसांजेला बाळंतघरात दिवा लागला. मंजुळा त्याच्याखाली बसली होती आणि स्वतःचे तळहात उलटेपालटे करून बघत होती.

तेव्हाच सौमित्रच्या ध्यानात आलं. प्लेटांची चौकट नेमकी पौषाच्या दूर्वांवर उभी होती.

“माय... तुमची जागा गेली. पौषात अर्घ्य कुठं द्याल?”

“सकाळी ये,” माय म्हणाली.

सकाळी तो आला. वैशाखच होता, ऊन मायच्या दाराशी उतरणार होतं. तरी ती भरलं ताम्हन घेऊन सगळी हिरवी वाट चालत आली. ओठ कोरडे. ताम्हनातलं पाणी हललंही नव्हतं.

सूर्य वर आला. धुळीनं माखलेली निळी काच मंद उजळली.

मायनं डोळे मिटले. आणि पाणी काचेवरच ओतलं.

“अहो माय...!”

धूळ वाहून गेली. पाणी ओघळत ओघळत खालच्या दूर्वांत उतरलं. मायनं पदरानं काच पुसली, देवाची मूर्ती पुसावी तशी. तळाला उरलेला घोट प्यायली.

“आणि व्रत?” त्यानं हळूच विचारलं.

माय काचेत मावलेल्या सूर्याकडं बघत होती.

“बेचाळीस वर्षं आल्या पावली परत जायचा रे... आज बसायला पाट दिला त्याला.”